यादीतलं सातवं काम

व्हिस बेट, ४ ऑगस्ट

प्रिय दिन्को,

'प्रिय' लिहिलंय ते निव्वळ सवयीनं. पत्राला सुरुवात करायला काहीतरी लागतं, आणि तुझ्यासाठी माझ्याकडे जे दुसरे शब्द आहेत ते पोस्टमन बाईंच्या हाती द्यायला मला लाज वाटते. आपण वेगळे झालो त्याला सतरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही नाही. तेव्हा माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करशील, मग तुझी आताची बायको साबिना घरात कुठे आहे याचा अंदाज घेशील, आणि मग गॅलरीत जाऊन दार लोटून घेऊन वाचशील. लोटून घे. खुर्चीही घे. पत्र लांब आहे, पण सुरुवातीलाच चांगली बातमी सांगून टाकते: 'झोरा' होडीवरचा सिंकचा हातपंप दुरुस्त झाला.

तुझी यादी प्रोश्पेनं मला दाखवली. नौका क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून त्याच्या हातात सतत कागद असतो. कागद नसला की त्याला हातांचं काय करावं ते समजत नाही. अकरा कामं, तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, प्रत्येकापुढे मुदत. पंधरा ऑगस्टला मरियामातेच्या सणाला तुझ्या वडिलांच्या नावाची पहिली शर्यत, सगळ्यांच्या पुढे त्यांची 'झोरा', आणि सुकाणूवर पांढऱ्या टोपीत तू. टोपीचा उल्लेख यादीत नव्हता, तो माझा अंदाज. सहावं काम, बाकांच्या गाद्यांना नव्या खोळी. सातवं काम, सिंकचा पंप पाणी ओढत नाही, दुरुस्त करणे. बेटावर शिडं, ताडपत्र्या आणि गाद्या शिवणारं एकच मशीन आहे आणि त्यामागे मी बसते, हे तुला रिएकात बसून आठवलं नसेल. प्रोश्पेला आठवलं. दारात उभा राहून म्हणाला, "मार्गिता, झालं गेलं विसर, काम ते काम." मी म्हटलं, "मी कशी विसरू, गावानं माझं नावच त्यावरून ठेवलंय." तर हा भला माणूस लाजला आणि म्हणाला, "अगं, शाम्पू हे आता प्रेमानं म्हणतात."

प्रेमानंच म्हणतात, दिन्को. ब्रेडवाली प्रेमानं म्हणते, बोटीवर तिकिटं फाडणारा प्रेमानं म्हणतो. मुलांना तर ते टोपणनाव आहे हेही माहीत नाही. त्यांच्या लेखी मी जन्मापासून बाई शाम्पू. मागच्या वर्षी स्प्लिटहून कापडाचं बंडल आलं, त्यावर गावाच्या नावाखाली फक्त 'शाम्पू' लिहिलं होतं, आणि ते न चुकता माझ्या दारात पोचलं. या गावात लोकांना टोपणनावं पडतात ती खरूज-गजकर्णासारखी आठ दिवसांत जात नाहीत, नातवंडांपर्यंत जातात. मला नातवंडं नाहीत एवढंच त्यांचं नशीब.

प्रोश्पेनं आणखी एक कागद आणला होता. शर्यतीच्या निमित्तानं छापायच्या पत्रकाचा मजकूर, तोही तुझाच. पताकेवर कुठली अक्षरं शिवायची ते त्यात होतं म्हणून मला दिला. पुढचं मी वाचणार नाही असं त्याला वाटलं असावं. तुझ्या वडिलांनी, बार्बा याकोवनी, अखेरची सफर पालाग्रुझा बेटाच्या दिशेनं केली, आणि 'जहाजावरील एका सदस्याच्या बेपर्वाईमुळे गोडं पाणी संपल्यानं' काय ओढवलं, ते तू मोठ्या संयमानं लिहिलंयस. नाव घातलं नाहीस. त्या होडीवर तिघंच होतो: तू, तुझे वडील आणि मी. वडील वारले, तू लेखक. वाचणाऱ्याला फार डोकं चालवावं लागणार नाही. आजवर हे गाव तोंडानं बोलत होतं, आता छापून निघणार, सहाशे प्रती, आणि चर्चबाहेर ध्वनिक्षेपकावर तू ते वाचणार. मी कागद घडी करून प्रोश्पेला परत दिला आणि सांगितलं, सहावं काम करते, आणि सातवं करायला ऑगस्टात तुला दुसरं कोणी मिळणार नाही, तेही माझ्याकडे राहू दे. त्याला वाटलं मी मोठ्या मनाची आहे. तुझ्या आईला मात्र त्यानं सांगितलं की गाद्या स्प्लिटहून शिवून येतायत. शाम्पूचा हात होडीला लागला हे कळलं असतं तर तिनं होडी पेटवून दिली असती.

तर 'झोरा' वखारीमागे तशीच लाकडांवर उभी आहे, एकोणीस वर्षं. आत शिरले तेव्हा पहिल्यांदा बरणीतल्या मिठासारखा कोंदट वास आला, आणि मी थोडा वेळ पायरीवरच बसले. मग कामाला लागले. तुला आठवत असेल, बेपो पंपवाला त्या वखारीच्या सावलीत खुर्ची टाकून बसतो. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप, पण जीभ अजून ग्रीस लावल्यासारखी. तो बाहेरून सांगणार आणि मी आत सिंकखालच्या कपाटात डोकं घालून, उताणी पडून करणार, असं आमचं ठरलं. खालचा मोठा नट पान्यानं हलेना. बेपो बाहेरून म्हणाला, "शिवणकाम नाही ते बाई, दोरा ओढल्यासारखा ओढू नकोस. दे एक दणका आणि त्या नटाला एखाद्या पुरुषाचं नाव दे." मी नाव दिलं. एका दणक्यात फिरला.

दट्ट्या बाहेर काढला तर चामडी वायसर वाळल्या अंजिरासारखी आक्रसलेली. अशी वायसर पाणी काय ओढणार, कशीबशी उभी होती. आतल्या झडपेची काचेची गोळी चुन्यानं जागच्या जागी चिकटलेली. गोळी आणि तोटी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. जुन्या घोड्याच्या खोगिराच्या पट्ट्यातून नवी वायसर कापली, ऑलिव्ह तेलात मुरवली, कडा बोटानं वाकवून वाटीसारखी केली. बेपोनं ती डोळ्यांजवळ नेऊन, मग अंगठ्यानं चाचपून पाहिली आणि म्हणाला, "तुझ्या नवऱ्यानं एवढं नीट काम केलं असतं तर तो मुख्य इंजिनिअर झाला असता." मी म्हटलं, "तो झालाय मुख्य इंजिनिअर." तो म्हणाला, "हो का, मग जहाजं बुडतात त्यात नवल नाही." हे मी तुला खुपावं म्हणून लिहीत नाही. म्हणजे, त्यासाठीच लिहितेय, पण ते खरंही आहे.

सगळं जोडलं, टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं, आणि दांडा वरखाली करायला लागले. दहा वेळा, वीस वेळा, चाळीस वेळा. पंप नुसता उसासे टाकत होता. तो उसासा मला माहीत आहे, दिन्को. तुलाही आहे. जुलैच्या चोवीस तारखेला संध्याकाळी तुझे वडील पेला घेऊन सिंकपाशी आले, दांडा दाबला, आणि पंपानं अगदी असाच उसासा टाकला होता.

त्या दिवसाचा प्रत्येक तास मी इतक्या वेळा मोजलाय की तो मला माझ्या वाढदिवसापेक्षा पाठ आहे. बार्बा वसंतात तीन आठवडे इस्पितळात होते, मूत्रपिंडं दमली होती. डॉक्टरांनी सोडताना एकच बजावलं, दिवसाला तीन लिटर पाणी, आणि हयगय नको. पालाग्रुझाला एकदा जाऊन यायचं हा त्यांचा हट्ट होता, आणि नव्वद लिटरची टाकी काठोकाठ भरून आपण पहाटे निघालो. वारा डावीकडून, छान, दमदार. नऊच्या सुमाराला मी सिंकमध्ये केस धुतले. जगमध्ये मोजून दीड लिटर पाणी घेतलं होतं, आणि शेवटचे विसळले ते समुद्राच्या पाण्यानं. मग वर आले, आणि दिवसभर तिघंही वरच होतो. बाटल्या होत्या, खाली कुणी गेलं नाही. आठ तास होडी उजवीकडे कलून पळत होती आणि बार्बा पोरासारखे खूश होते. संध्याकाळी उसासा. तू टाकीचं झाकण काढलंस, आत टॉर्च मारलास, तळ कोरडा. मग तू माझ्या केसांकडे पाहिलंस.

पुढचं काय सांगू, तूही होतास. रात्रीतून वारा पडला. मुख्य इंजिनिअरचं इंजिन चालू झालं नाही. त्याच्यामागोमाग बॅटरी गेली, बॅटरीमागोमाग रेडिओ. तीन दिवस आपण तव्यावर ठेवल्यासारखे त्या तेलकट समुद्रावर पडून होतो. तीन बाटल्या पाणी, एक कलिंगड, आणि तुझ्या घरची वाईन, जी त्यांना विष होती. मी माझ्या वाटणीचं पाणी त्यांच्या पेल्यात ओतायची, ते ओळखायचे आणि अर्धं परत ओतायचे. तू माझ्याशी बोलत नव्हतास. ते एकदा, ओठ फुटलेले असताना, माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, केस मात्र छान दिसतायत हं." टोमणा नव्हता तो. त्या माणसाला टोमणा मारता येत नव्हता. ती कला तुझ्या घरात तुझ्या आईकडून आली. अठ्ठावीसला मासेमारीच्या बोटीनं आपल्याला ओढून आणलं, बारा ऑगस्टला ते स्प्लिटच्या इस्पितळात गेले. दफनानंतर आपल्या अंगणात सगळं गाव जमलेलं असताना तू हातात पेला घेऊन, डोळ्यांत पाणी आणून म्हणालास, "दोन चमचे शाम्पूपायी माझा बाप गेला." तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी मी शिवणकामाच्या कात्रीनं केस कापले आणि पुन्हा वाढू दिले नाहीत. दोन वर्षांनी तू घटस्फोटाचे कागद पुढे केलेस तेव्हा मी ते वाचलेसुद्धा नाहीत. खुनी बाईनं काय वाचायचं असतं. दर वर्षी बारा ऑगस्टला उजाडताना, तुझी आई यायच्या आत, त्यांचं थडगं धुऊन येत होते. दीड लिटर पाण्यानं नव्वद लिटरची टाकी कशी रिकामी होते, हे मी एकदाही मोठ्यानं विचारलं नाही. मनात विचारलं, पण ज्याला स्वतःला दोषी धरायचंच असतं त्याला गणित जमत नाही. मला वाटायचं, मी बहुतेक जास्त घेतलं असेल. आठवत नसेल. पाणी धो-धो सोडून उभी राहिले असेन आणि विसरले असेन.

तर परवा मी दांडा हलवत होते आणि पंप उसासे टाकत होता. बेपो बाहेरून म्हणाला, "हवा ओढतोय की अडतोय?" मी म्हटलं, "अडतोय. दांडा जड लागतोय." तो म्हणाला, "मग नळीवरचा कॉक बंद असेल, उघड की." मी म्हटलं, "इथे कॉक नाहीये." तो खुर्चीतून उठला. "नाही कसा? मी माझ्या हातानं बसवलाय याकोवसाठी, होडी नवी होती तेव्हा. त्याशिवाय ही होडी चालूच शकत नाही." मग त्यानं मला जे सांगितलं ते तुला सांगायची गरज नाही, पण सांगते, कारण ते वाचताना तुझा चेहरा कसा होतो याची कल्पना करायला मला आवडतंय. टाकी डाव्या बाकाखाली, सिंक उजवीकडे. डावीकडून वारा आला की होडी उजवीकडे कलते, टाकी वर जाते, तोटी खाली येते. नळीत एकदा पाणी भरलेलं असलं की मग दांडा हलवायलाही नको. पिंपातली वाईन काढताना नळी तोंडानं ओढून खाली सोडली की पिंप आपलं आपण रिकामं होतं, तसं. करंगळीपेक्षा बारीक धार, तोटीतून सिंकमध्ये, सिंकमधून समुद्रात, आवाज न करता, आठ तास. "म्हणून तिथे कॉक," बेपो म्हणाला, "शीड चढवायच्या आधी बंद करायचा. याकोव झोपेतही विसरला नसता."

मी म्हटलं, "तो होता. दिन्कोनं काढला. बार्बा इस्पितळात असताना, त्या वसंतात. शीतपेटी बसवायची होती आणि कॉकची मूठ आड येत होती. मी टॉर्च धरला होता." बेपो चाचपडत होडीत चढून आला. सिंकपाशी आल्यावर म्हणाला, "याकोवला सांगितलं होतं का त्यानं?" नव्हतं सांगितलं. बाबांना उगाच कशाला त्रास, असं तूच मला म्हणाला होतास.

इथपर्यंत तुला क्षमा होती, दिन्को. खरंच सांगते. माणूस कॉक काढतो, विसरतो, टाकी रिकामी दिसते, बायकोचे ओले केस दिसतात, घाबरतो, तोंडाला येईल ते बोलतो. मी तिथेच त्या कपाटात पडल्या पडल्या तुला माफ करायला निघाले होते. बघ मी किती मूर्ख आहे. पण दांडा अजून अडतच होता. वाट कुठेतरी बंद होती. मी शीतपेटीच्या मागे, जिथे दिसत नाही तिथे, खांद्यापर्यंत हात घातला. नळी हाताला लागली, आणि नळीवर एक मूठ लागली. जिथे कॉक नव्हता तिथे कॉक होता. मी तो पाव फेरा फिरवला, बेपोनं दांडा हलवला, आणि वर पाणी आलं. स्वच्छ, भरघोस, एका दमात. तू यादीत लिहिलं होतंस तसं सातवं काम पूर्ण.

मग मी तो कॉक नळीसकट कापून बाहेर उजेडात आणला. तुझ्यात एक खोड आहे, तुला ती गुण वाटते. जहाजाच्या इंजिनखोलीत जो भाग बदलेल त्यानं त्यावर चिठ्ठी लावायची, काय बदललं, कधी, कुणी. तू घरीही तेच केलंस. गॅसच्या नळीला, इस्त्रीच्या वायरीला, माझ्या मशीनच्या पट्ट्याला, सगळीकडे निळी चिकटपट्टी आणि काळ्या शाईनं तारीख. आपल्या पलंगाचा पाय तू बदललास तेव्हा त्यालाही लावली होतीस. मला वाटायचं, एखाद दिवशी मलाही लावशील. कॉकला निळी चिकटपट्टी होती. 'नवा कॉक. ६.८.०४.' आणि खाली तुझी सही. सहा ऑगस्ट. आपण परत आल्यावर नऊ दिवसांनी, तुझे वडील जाण्याच्या सहा दिवस आधी, आणि अंगणातल्या त्या भाषणाच्या आठ दिवस आधी. सगळ्यांपासून लपवून तू पुरावा झाकायला गेलास, आणि झाकून झाल्यावर त्यावर तारीख घालून सही केलीस. दुसरा कुठला चोर हे करणार नाही. त्यासाठी माणूस चांगला मेकॅनिकच असावा लागतो. तुझी तब्येत सांभाळून वाच, पण मी हसले. होडीच्या सावलीत बसून, पोट धरून, बेपोला वाटलं मला काहीतरी झालं.

तुझ्या आईकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. एकोणीस वर्षांत त्या दारात पाय ठेवला नव्हता. फिलोमेना ओट्यावर बसून खारवलेल्या सार्डिन साफ करत होती. मला पाहून तिनं सुरी खाली ठेवली नाही. मी तिच्यासमोर परातीशेजारी कॉक ठेवला. तिनं हात पुसले, चष्मा लावला. तुझं अक्षर तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही, तिच्या तळघरातल्या प्रत्येक पिंपावर आणि पाणी उपसायच्या यंत्रावर ते आहे. तिनं वाचलं. मग मी सांगितलं, कॉक कशासाठी असतो, तो कधी काढला आणि कधी परत बसला. ती बाई वाईन काढत म्हातारी झाली आहे. पिंप आपोआप कसं रिकामं होतं ते तिला दोनदा सांगावं लागलं नाही. तिनं त्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "सहा तारखेला तो माझ्याकडून होडीची किल्ली घेऊन गेला होता. म्हणाला, बाबांना त्यांची टोपी हवीये, आणून देतो." मग म्हणाली, "टोपी त्यानं आणली नाही. मी विचारलं तर म्हणाला, सापडली नाही." मला तिची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. तिनंच दार बंद केलं होतं. पण मग तिनं पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "थडगं धुणारी तू आहेस ते मला माहीत होतं. मला वाटायचं, पाप धुतेस." आणि बशीत तीन सार्डिन, वर तेल, आणि पावाचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. आम्ही दोघींनी खाल्लं. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, हात थरथरत नाहीत.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. प्रोश्पेला आम्ही काही सांगितलेलं नाही. बेपोला शपथ घातली आहे, आणि बेपोची शपथ सणापर्यंत टिकेल, पुढे नाही. पत्रक तू लिहिलंस तसंच छापलं जाईल, एक शब्दही बदलू नका असं तुझ्या आईनंच प्रोश्पेला सांगितलं. चर्चबाहेर तू ते वाचशील. वाचून झालं की प्रथेप्रमाणे विधवेनं पताका द्यायची. ती पताकेऐवजी कॉक हातात घेऊन उभी राहणार आहे आणि ध्वनिक्षेपकावर तुला एकच प्रश्न विचारणार आहे: सहा ऑगस्टला तू होडीवर काय आणायला गेला होतास? तिनं मला बजावलंय, त्याला कळवू नकोस, हसत हसत येऊ दे. मी हो म्हटलं, आणि घरी येऊन हे लिहायला बसले. तुला वाचवायला नाही. ती तुला पाच मिनिटांत मोकळं करणार होती, आणि ते मला पुरेसं वाटेना. तू आलास तर काय होईल ते आता तुला माहीत आहे. तू नाही आलास तर लोक कारण विचारतील, आणि आम्ही घरीच असू. पत्रक मागे घेतलंस तर प्रोश्पे कारण विचारेल. आईला फोन केलास तर ती फोन उचलेल, मुकाट्यानं ऐकून घेईल आणि ठेवून देईल, आणि तिला काय कळलंय, किती कळलंय, हे तू तिच्या आवाजावरून ओळखू शकणार नाहीस. साबिनाला सांगशील की नाही, तेही तुलाच ठरवायचंय. ती एव्हाना विचारेलच, कुणाचं पत्र. टपालाला दोन दिवस धरले तर तुझ्याकडे नऊ दिवस उरतात. माझ्याकडे एकोणीस वर्षं होती, सकाळी उठून आधी तेच आठवायचं आणि मग दात घासायचे. तुझ्या वाट्याला फार थोडे आले, पण प्रत्येक दिवस पूर्ण वापर.

पंधरा तारखेपर्यंत तुझीच,
मार्गिता